चार तासांचं अंतर

शेजारच्या अनुपमाताईंकडे शेवंतीसाठी कुवेतहून फोन आला, तेव्हा सकाळचं ऊन चारकोपच्या नव्या बैठ्या घरांवर नुकतं चढत होतं. पलीकडून अनंत, तिचा नवरा, बोलत होता.

"दुपारी विमान सुटतंय. पावणेतीन हजार किलोमीटर गं, पण चार तासांत मुंबई. संध्याकाळी सहार विमानतळावर ये."

दोन वर्षांनी येत होता तो. शेवंती हसतच घरी परतली. दारातच तिला तापलेल्या वाळूसारखा कोरडा वास आला. आत काळोख होता. खिडकी कुणी लावली, तिला कळेना.

भिंतीला टेकून अनंत बसला होता. शेजारी त्यांची पाच वर्षांची जया.

"आई, बाबा आले."

शेवंती उंबऱ्यावरच थबकली. तोच चेहरा, तोच कपाळावरचा व्रण. मात्र सोबत बॅग नव्हती, आणि पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीने माखलेले.

"कुणाचा फोन होता?" त्याने हळू विचारलं.

"भावाचा..."

"तो निघाला का?"

"कोण...?"

"किती वेळ लागेल त्याला?"

तिला वाटलं, आज संध्याकाळीच येतोय असं सांगितलं तर हा आत्ताच घाई करेल.

"उद्या... उद्या येणार."

"मग वेळ आहे," असं म्हणत त्याने जयाच्या केसांवरून हात फिरवला. पोरीने अंग चोरलं.

"नळाला पाणी आलंय. हिची आंघोळ उरकते," शेवंती कशीबशी म्हणाली. जयाला कडेवर घेऊन ती बाहेर पडली, आणि नळ मागे टाकून थेट रिक्षा दिसेपर्यंत धावली.

सहारला ती दिवसभर दाराकडे डोळे लावून उभी राहिली. संध्याकाळी अनंत सामानाची गाडी ढकलत बाहेर आला. तिने आधी त्याचा हात धरून पाहिला. उबदार होता. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. सगळं ऐकून तो हसला नाही.

"आज घरी नको जाऊया," एवढंच म्हणाला.

दहिसरला तिच्या भावाकडे, काशीरामकडे, सगळे जेवले. जया बापाच्या मांडीवर झोपली. शेवंतीने खालच्या दुकानातून अनुपमाताईंना फोन लावला.

"ताई, आमच्या घरात कोण दिसतंय का गं?"

"कोणी नाही. दार सताड उघडं होतं, मीच ओढून घेतलं. आणि ऐक, आत्ताच अनंतभाऊंचा फोन येऊन गेला."

"आत्ता...?"

"हो ना. खूप घाबरलेले वाटले. विमान बिघडलंय, अजून तिथेच आहेत म्हणे. सारखं एकच विचारत होते, जया कुठाय?"

शेवंतीने मान वर केली. काशीरामच्या खिडकीतला दिवा कुणीतरी मालवला होता.