हळदीने गिळलेला उजेड

निळी बत्ती धरली की मैथिलीच्या कोपराजवळचं रक्त गोठायचं, आणि बत्ती विझवली की काही तासांनी ते पुन्हा पातळ व्हायचं. चौथीतल्या मैत्रिणी भेटायला आल्या की ती हे नवी सायकल दाखवावी तशा थाटात सांगायची. तिची आई केतकी मात्र ती बत्ती फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची आणि काढताना प्रत्येक वेळी बटण बंद आहे ना, ते बघायची.

मैथिलीच्या हृदयात पाचव्या वर्षापासून कार्बनची झडप होती. अशा परक्या वस्तूवर रक्त साकळतं, गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर सगळंच संपतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. पूर्वी अशा माणसाचं ऑपरेशन म्हणजे मोठा पेच असायचा. आधी काही दिवस गोळी थांबवायची, कुणाला मधल्या काळात इंजेक्शनं द्यायची, मग तीही थांबवायची. ऑपरेशननंतर गोळी लवकर सुरू केली तर जखम वाहणार, उशीर झाला तर झडपेवर गुठळी.

मैथिली घेत होती त्या नव्या गोळीने हा पेच सोडवला. डॉक्टर त्या गोळीला ‘प्रकाशवश’ म्हणत, म्हणजे उजेडाचं ऐकणारी. तिचा रेणू रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला चिमट्यासारखा धरून बसतो. एका ठरावीक जांभळट निळ्या उजेडात चिमटा उघडतो आणि प्रथिन आपल्या कामाला लागतं. अंधारात तो हळूहळू पुन्हा मिटतो. म्हणजे गोळी थांबवायलाच नको. जिथे कापायचं तेवढ्यावर उजेड, बाकी सारं अंग, झडपेसकट, अंधारात सुरक्षित.

“आणि ऊन लागलं तर?” केतकीने पहिल्याच भेटीत डॉ. नफिसा मुजावरांना विचारलं होतं.

“उन्हात तो रंग असतो, पण एवढा दाट नसतो, आई. खुशाल खेळू द्या.”

तरी केतकीने लेकीला वर्षभर लांब बाह्यांचे फ्रॉक घातले. मैथिली कुरकुरायची, “मी काय बटाटा आहे का, उजेडात हिरवी पडायला?”

सायकलवरून पडून कोपर मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बत्ती केतकीच्या हातात दिली.

“जखम ओली दिसली की धरायची. सुकली की बंद. त्याहून जास्त नको.”

“का?”

“कातडीखालचं रक्त एका जागी थांबत नाही ना. उघडलेले चिमटे घेऊन ते हृदयाकडे जातं. थोडे असले तर बाकीच्या रक्तात विरून जातात. खूप झाले तर झडपेची काळजी.”

“मग हे ठरवणारं एखादं मशीन नाही का?”

“काढलं होतं. त्याला घाम कुठला आणि रक्त कुठलं ते कळेना. डोळेच लागतात. तुमचे चालतील.”

केतकीचे डोळे ठीकच होते, मन स्वस्थ नव्हतं. एका दुपारी पट्टी बदलताना टाक्याच्या कडेला लाल थेंब दिसला. तिने बत्ती धरली आणि तो सुकायच्या आतच घाबरून विझवली. थेंब परत आला. मग तिच्या मनात आलं, बत्ती जितकी कमी लागेल तितकं बरं, दुसरं काही लावून थांबतंय का बघू. सांगलीच्या घरात हळद शोधावी लागत नाही. विळीवर बोट कापलं की लावतात तशीच तिने चिमूटभर दाबली, आणि वरून पुन्हा बत्ती धरली.

रक्त थांबेना. तिने बत्ती आणखी धरली, मग आणखी. हळद भिजून केशरी झाली. आता तिला दोन्ही भीतींनी एकदमच घेरलं. जखम वाहतेय ती वाहतेय, आणि एवढा सगळा उजेड लेकीच्या हृदयाकडे निघालाय. तिने डॉक्टरांना फोन लावला.

“मॅडम, थांबतच नाहीये. मी खूप वेळ धरली हो. खूपच वेळ.”

“धार लागलीय का?”

“नाही. झिरपतंय.”

“मैथिली कशी आहे? बोलतेय का नीट?”

“बोलतेय काय, बडबडतेय,” केतकी रडवेली होऊन म्हणाली.

“आई, बघ तरी,” मैथिली फोनकडे तोंड करून म्हणाली. “बत्तीखाली माझा हात काजव्यासारखा चमकतोय. हिरवा-पिवळा.”

डॉक्टरांनी लगेच विचारलं,

“चमकतोय? काय लावलंयत?”

“हळद,” केतकी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला वर्गातला फळा आठवला. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली बाई ती. हळद पिवळी दिसते ती निळा उजेड गिळते म्हणूनच. गिळते आणि दुसऱ्या रंगात परत फेकते.

“म्हणजे आत काही गेलंच नाही?”

“फारच थोडं. म्हणून जखम झिरपली, आणि म्हणूनच झडपेचीही चिंता नको. सलाइनने धुऊन काढा. आणि परत हळद लावायची नाही, टाके आहेत तिथे. मी फोनवरच आहे.”

केतकीने धुतलं. पिवळं पाणी ताटलीत उतरलं. टाके उघडे पडले, कडेला थेंब धरू लागला. तिने बत्ती उचलली, पण निळा ठिपका कोपरावरून दंडावर आणि दंडावरून गादीवर पळत होता.

“मॅडम, मला नाही जमायचं. मी तिला तिकडेच घेऊन येते.”

“दे इकडे,” मैथिली म्हणाली.

“मैथू, हे खेळणं नाही.”

“माहितीये. माझंच रक्त आहे ना?” आणि तिने चांगल्या हाताने बत्ती काढून घेतली.

ठिपका टाक्यांवर स्थिर झाला. मैथिली ओठ मुडपून बघत राहिली, चित्राच्या कडेने रंग भरताना बघते तशी. थेंब काळसर झाला, मग आक्रसला. बटणाचा आवाज झाला.

“अजून जरा धर,” केतकी म्हणाली.

“नको. सुकलंय.”

केतकीने वाकून पाहिलं. सुकलं होतं.

“कुणी बंद केली?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी.”

“बरोबर केलंस. थोड्या वेळाने दोघी मिळून परत बघा, आणि मला कळवा.”

फोन ठेवल्यावर केतकी पलंगाच्या कडेवर बसली. लेक सुखरूप होती, छातीतली झडप आपल्या ठेक्यात वाजत होती. कान लावला की तो आवाज केतकीला ऐकू यायचा, आणि आजही तिने आधी कान लावून ऐकला. मग बत्ती परत घ्यायला हात पुढे केला.

मैथिलीने बत्ती फ्रॉकच्या खिशात टाकली होती. “भूक लागलीय. धिरडं करशील?”

केतकीचा हात तसाच पुढे राहिला. हे रक्त आता उजेडाचं ऐकतं, बत्ती धरणाऱ्याचं ऐकतं, आणि धरणारी नेहमी आपणच असू असं ती धरूनच चालली होती. उद्या ही मुलगी शाळेच्या सहलीला जाईल, परगावी कॉलेजात जाईल, कधी कुणाच्या तरी घरात राहील. बत्ती किती धरायची आणि थांबायचं कुठे, ते तिच्या अंगठ्याखाली असेल. दुसऱ्या कुणी बत्ती मागितली तर ती देईल का, हेही तिचं तीच ठरवेल.

“आई, धिरडं.”

“करते,” केतकी म्हणाली, आणि पुढे केलेला हात तिने लेकीच्या केसांवरून फिरवून मागे घेतला.