माग पुसलेली ओवी

त्या काळात गाणं उतरवून घ्यायला गळा लागत नसे, आठवण पुरे. कपाळाला पट्टी बांधायची, गाणं मनात आणायचं; मेंदूत जी थरथर उठे, तिचा सॉफ्टवेअर आवाज बनवी. अशा आवाजाला लोक ‘मनसूर’ म्हणत.

इचलकरंजीच्या वैजयंतानं पन्नाशीत हे शिकायला घेतलं. लेकीला दिवस गेले होते आणि येणाऱ्या बाळासाठी तिला आप्पांची ओवी हवी होती. आप्पा, म्हणजे तिचे वडील, यंत्रमागावर राबलेले. लहानग्या वैजूला शेडातच झोळीत टाकून, मागावर धावणाऱ्या धोट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून ते गात:

हळू चाल रे धोट्या, लेक निजली झोळीत
सूत चांदण्याचं विणू तिच्या चोळीत

आप्पा अजून होते. पण त्या खडखडाटानं कान गेले, कानांमागून सूर गेला. उरला तो नुसता मोठा आवाज.

“मॅडम, ह्यात माग लई वाजतोय,” पहिल्याच तासाला आठवणीतनं उतरलेली ओवी ऐकून वैजयंता म्हणाली.

शिकवणाऱ्या डॉ. फरीदा मुजावर मेंदूच्या अभ्यासक. त्या हसल्या. “नवखा माणूस आधी गोंगाटच पुसतो. पुसा की. फक्त पुसलेलं आज ऐकू नका.”

“का हो? लोणचं आहे का मुरायला ठेवायला?”

“आठवण काढली ना वैजूताई, की ती भिजल्या मातीसारखी मऊ पडते. काही तासांनी परत घट्ट होते. मऊ असताना जे कानी पडेल, ते तिच्यात रुतून बसतं. उद्या ऐका.”

वैजयंतानं मान हलवली. पण सकाळपाळीला दवाखान्याच्या चादरी धुऊन अंग मोडून आलं होतं. घरी भिंतीला टेकली, पाय लांब केले. जरा ऐकू, थकल्या जिवाला तेवढाच विसावा. माग पुसलेली ओवी कानात फिरून फिरून वाजत राहिली आणि तिचा डोळा लागला.

आठवड्यानं ती आली ती ओढल्या चेहऱ्यानं.

“मॅडम, आमचे आप्पा एवढे ओरडायचे का हो?”

फरीदा चरकल्या. “त्याच दिवशी ऐकलंत?”

“ऐकता ऐकता झोप लागली. आता डोळे मिटले की शेड दिसतं, सगळं गप्प. आणि झोळीवर वाकून आप्पा ओरडतायत. निजल्या लेकराच्या कानाशी एवढं कोण ओरडतं?”

“अहो, माग चालू होते! त्यातनं तुम्हाला ऐकू यावं म्हणून...”

“माहीत आहे की. शाळेतल्या इतिहासासारखं पाठ केलंय. आठवत नाही.”

“मूळ आवाज ठेवलाय ना?”

“त्याच्यावरच सेव्ह केलं.”



संध्याकाळी वैजयंता भाकऱ्या थापत होती. मागून आप्पा आले.

“वैजू! दमलीस काय गं? सर, मी शेकतो!”

तिचे खांदे कानांपर्यंत चढले. हातातली भाकरी चुरगळली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पोरीला ऐकू गेलं नसावं असं वाटून आप्पांनी आवाज आणखी चढवला.