मावशीला खाली न्यायचंय

"अहो, जरा हात लावता का? मावशीला खाली न्यायचंय."

सहाव्या मजल्याच्या कठड्यावरून तिने हाक मारली, तेव्हा खाली कुठेतरी पाना वाजायचा थांबला. इमारतीची जुनी लिफ्ट काढून नवी बसवायचं काम सुरू होतं आणि ते करणारा लिफ्टवाला चौथ्या मजल्यावर होता, एवढंच तिला ठाऊक होतं. तो वर आला तो हात पुसत, केस नीट करत. दारात उभा राहून, म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "नमस्कार मावशी. घाबरायचं नाही हं... अगदी सावकाश जाऊ."

पडद्याच्या जाड कापडावर पसरलेल्या, करड्या तोंडाच्या कुत्रीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. उशिरा आलेल्या भाच्याकडे एखादी मावशी पाहते, अगदी तसं.

"मावशी ती आहे," ती हसू दाबत म्हणाली.

"आलं लक्षात." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हाला मावशी म्हणायची हिंमत नव्हतीच माझी."

ती पडदे शिवायची. घरीच मशीन होती, आणि मशीनच्या बाजूला नेहमी कुणीतरी पाहुणा असायचा – रस्त्यावर सापडलेला, टाकून दिलेला, नाहीतर गाडीखाली आलेला. प्राण्यांच्या निवाऱ्यातली माणसं त्याला आणून सोडायची, ती त्याला बरा करायची, आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकायची. कुत्री झाली, मांजरं झाली, एकदा तर पंख तुटलेली घारसुद्धा न्हाणीघरात राहून गेली. आई म्हणायची, "जावई सोडून सगळे प्राणी येऊन गेले आमच्याकडे."

मावशीचे मागचे पाय गाडीच्या धक्क्याने लुळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्टच सांगितलं होतं, "पायांत जीव आहे, पण तिला रोज गवतावर न्यायला हवं, उभं करायला हवं. उभी राहिली नाही तर तिला कुणी घरी नेणार नाही. आणि निवाऱ्यात ती झुरून जाईल."

"उभी राहील," ती म्हणाली होती. तेवढंच. मग घरी येऊन तिने पडद्याच्या कापडाची झोळी शिवली, चारी कोपऱ्यांना मूठ लावली. लिफ्ट बंद आहे, मावशी वजनदार आहे आणि आईची कंबर धरलेली आहे, या गोष्टींचा विचार तिने नंतर केला.

दोघांनी झोळी उचलली. पुढे तो, मागे ती. मावशीच्या डोक्यावर लक्ष राहावं म्हणून तो उलटा, पाठीकडून उतरत होता. त्यामुळे सहा मजले त्याचा चेहरा तिच्यासमोरच. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

"पायरी..." ती म्हणाली.

"बघतोय."

"तुम्ही तर माझ्याकडे बघताय."

"पायरी तुमच्या चेहऱ्यावर कळते. वळण आलं की तुम्ही भुवया वर करता."

पुढचा मजला तिने भुवया मुद्दाम स्थिर ठेवल्या. तो वळणावर भिंतीला आपटला. मावशी खेकसली. तिघंही मग जरा शहाण्यासारखी वागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारायच्या आधीच तो दारात होता. तिसऱ्या दिवशीही. कामाला लागण्याआधी मावशीला खाली न्यायचं, दुपारच्या सुट्टीत वर आणायचं, असा शिरस्ताच पडला. बागेत ती मावशीच्या पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायची, पंजे एकेक करून जमिनीवर टेकवायची. पंजे घसरायचे. ती पुन्हा टेकवायची. पुन्हा घसरायचे.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" त्याने एकदा विचारलं.

"येतो की."

"मग?"

"तिला कळू देत नाही."

तो नुसता तिच्या कपाळावर आलेल्या बटेकडे पाहत राहिला – हात पुढे करावा की नाही, अशा विचारात. मावशी मधे नसती तर कदाचित केलाही असता.

एका ढगाळ सकाळी, अंगावर येईल न येईल अशी भुरभुर सुरू असताना, त्याने हातमोजा काढून गवतावर ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. मावशीची नजर हातमोज्यावर गेली. नाक हललं. पुढचे पाय ताणले गेले... आणि मागचे दोन पाय, थरथरत, वाकडे होत, खाली रोवले गेले. टॉवेल तिच्या हातात तसाच सैल लोंबत होता. मावशी आपल्या आपण उभी होती.

कुणी हललं नाही. त्याने फक्त तिचा हात घट्ट धरला, आणि मावशी हातमोजा तोंडात घेऊन धपकन बसली तरी तो सोडला नाही.

"आता ती तुमचीच," तो म्हणाला. "ठेवून घ्या तिला."

तिने हात सोडवून घेतला. "मी कुणाला ठेवत नाही."

"इतकं करून...?"

"म्हणूनच. मी हिला ठेवली तर हिच्यामागून येणाऱ्याला माझं दार बंद. माझ्या घरी एका वेळी एकच जागा आहे."

"म्हणजे तुमच्या घरात कुणीच राहायचं नाही कधी." त्याने ते हसत म्हणायचा प्रयत्न केला, पण हसू काही जमलं नाही. "बरं झालं सांगितलंत."

ती काही बोलणार होती. पण तेवढ्यात तो झोळी झटकायला लागला, आणि शब्द राहून गेले.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे सुजले म्हणून त्याने रात्रंदिवस खपून लिफ्ट मुदतीआधीच सुरू केली. सगळ्या इमारतीने त्याला डोक्यावर घेतलं. फक्त सहाव्या मजल्यावर कुणाला आनंद झाला नाही. त्याचं पुढचं काम नदीपलीकडे होतं. निघताना तो मावशीला भेटून गेला, आईच्या पाया पडून गेला, आणि तिला म्हणाला, "येतो." कधी, ते बोलला नाही.

ती जिद्दीने कामाला लागली. मावशी चार पावलं चालली, मग अंगणभर. निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको तिला बघायला आली. बैठं घर, मागे मोकळी जागा, दोघांनाही मावशीइतकंच हळू चालायचं होतं. तरी तिने त्यांना तीनदा फेऱ्या मारायला लावल्या आणि हजार प्रश्न विचारले. शेवटी पोस्टमन म्हणाला, "बाई, मुलगी मागायला गेलो तेव्हाही एवढं विचारलं नव्हतं." मग मात्र ती हसली, आणि मावशीचा पट्टा त्यांच्या हातात दिला.

त्यांची गाडी वळल्यावर ती घरी येऊन पुष्कळ रडली. आईने रडू दिलं. मग पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली, "हे सगळं मावशीसाठीच का?"

तिने पेला घेऊन तोंडाला लावला.

"कुत्र्यांच्या बाबतीत एवढी हट्टी आहेस. जरा स्वतःच्या बाबतीतही हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदीपलीकडच्या इमारतीत गेली. रखवालदाराने वर बोट दाखवलं. तळमजल्यावर लिफ्टच्या जागी नुसता आडवा दांडा लावलेला उंच पोकळ बोगदा होता, आणि फार वर एक दिवा हलत होता.

"कोण आहे खाली?" वरून आवाज आला.

"मी."

पाना थांबला. "...मावशी कशी आहे?"

"गेली."

वर काहीतरी खणकन पडलं.

"म्हणजे तिच्या घरी गेली," ती घाईघाईने म्हणाली. "काल. छान आहे ती. मी सांगायला आले की... तुम्ही म्हणालात, माझ्या घरात कुणी राहायचं नाही. तो नियम कुत्र्यांपुरता आहे. मांजरं, घारी, फार तर. माणसाचं कधी ठरवलंच नव्हतं, कारण कुणी राहावं असं वाटलंच नव्हतं. आता वाटतंय. झालं सांगून."

बोगद्याने प्रत्येक शब्द उचलून मजल्यामजल्यावर पोचवला. दुसऱ्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं आणि कुणी आजोबा म्हणाले, "अहो मिस्त्री, काम राहू द्या. मुलीला उत्तर द्या आधी."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. तो समोर येऊन उभा राहिला – धापा टाकत, काळ्या हातांचं काय करावं ते न कळून.

"केवढ्या मोठ्याने बोलता तुम्ही," तो म्हणाला.

"इतके दिवस हळू बोलून पाहिलं. तुला ऐकूच आलं नाही."

त्या 'तू'वर दोघंही जरा अडखळली. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"ऐकू येत होतं. पण मला वाटलं, माझ्याच मनातलं ऐकू येतंय." त्याने एक श्वास घेतला. "मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून म्हटलं तर खोटं होईल... पहिल्या दिवशी माझी कंबर गेली होती. दुसऱ्या दिवसापासून."

वरचं दार हलकेच लागलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि शेजारी त्याच्यापुरती जागा करून दिली.