उलटी वेणी

तिच्या बुटाचा आवाज सगळ्या हँगरला पाठ होता. उजवं पाऊल टेकलं की बूट चुर्र करायचा, आणि विमानाच्या पोटाखाली गप्पा छाटत बसलेले फिटर टुणकन उठायचे. "बाई आल्या रे!" त्या फिटरांमध्ये तिचा धाकटा भाऊही होता. तो मात्र कधी बाई म्हणायचा नाही. साहेबांसमोरसुद्धा ताईच म्हणायचा. "ताई, बूट बदलू नकोस हं," असं वर चिडवायचा, "आम्हा गरिबांना तेवढाच आधार आहे."

ती तपासनीस होती. फिटरने बसवलेला भाग आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच कार्डावर सही करायची, हे तिचं काम. पण पंखाच्या मुळाशी एक खण होता, त्याला सगळे पेटी म्हणत. खांद्याइतक्या उंचीवर एक भोक, त्यातून अंग चोरून आत शिरायचं, की माणूस बाहेरून नखभरही दिसायचा नाही. दुसऱ्याला तिथे जागाच नव्हती. त्या पेटीत एक व्हॉल्व्ह असतो. एका बाजूची टाकी रिकामी झाली की दुसरीकडचं इंधन त्यातून येतं. त्याच्यावर बाण कोरलेला असतो. बाण पुढे असला की सगळं ठीक. मागे असला तर जमिनीवर काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते हवेत, अर्ध्या वाटेवर, इंजिन गप्प झाल्यावर.

म्हणून एक पद्धत पडून गेली होती. बाहेरून तपासनीसाने विचारायचं, "बाण पुढे?" आतल्याने बोटाने चाचपून सांगायचं, "बाण पुढे." आणि बाहेरच्याने सही करायची. नियमात हे बसत नव्हतं, पण कोण बोलणार? सगळेच करत होते. बहीणभावांची आणखी एक खूण होती. उत्तर दिलं की पान्याने पत्र्यावर दोनदा टकटक. ही तिनेच त्याला शिकवली होती, हातात पहिल्यांदा पाना दिला तेव्हा. बाकी कोणी ते करत नसे.

तिचं सगळंच काही त्याने उचललं नव्हतं. ती डावरी, आणि तपासनीस झाल्यावरही अधूनमधून स्वतः पाना हातात घ्यायची. बोल्ट सैल पडू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात, ती तार तिच्या हातून नेमकी उलट्या अंगाने पिळली जायची. अख्ख्या हँगरमध्ये तिच्या एकटीच्या. "आली बघा ताईची उलटी वेणी," भाऊ म्हणायचा. तिलाही हसू यायचं.

मंगळवारी सकाळी पावणेअकराला ती पेटीपाशी आली; त्या दिवशी तिथला व्हॉल्व्ह बसवायचं काम भावाकडे होतं. हातात कार्ड, डोक्यात आणखी चार कामं.

"बाण पुढे?"

"बाण पुढे." आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला. पेटीत सगळ्यांचाच तसा येतो. मग टक, टक.

तिने सही केली आणि चालायला लागली. मागून काहीतरी आलं. "अगं..." एवढंच कानावर पडलं. याला चहा हवा असणार, असं म्हणून तिने वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी शेजारचा पाइप बदलायला एक जण पेटीत शिरला आणि ओरडतच बाहेर आला. बाण मागे होता. बोल्ट घट्ट, तार पिळून बांधलेली, सगळं अगदी नीटनेटकं, फक्त उलटं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान दीडशे माणसं घेऊन उडणार होतं. साहेबांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः आत जाऊन तार कापली, व्हॉल्व्ह काढला, तार पाकिटात घालून सील केलं आणि वर सही ठोकली.

"ताई, मी आत नव्हतोच," भाऊ म्हणाला. "व्हॉल्व्ह नुसता आत ठेवला आणि तार आणायला भांडारात गेलो. परत येतो तर कुणीतरी भोकावर झाकण बसवलेलं, कार्डावर तुझी सही. म्हटलं, तूच बसवून टाकलास."

"मग मला उत्तर कोणी दिलं?"

"मला काय माहीत?"

"टकटक केलीस तू. मी ऐकली."

"ताई, मी खोटं बोलतोय असं म्हणतेस?"

ती तडक भांडारात गेली. भांडारवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आला होता खरा. साडेदहा असतील, नाहीतर अकरा." झालं, तिच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून हा असाच तोंड करून उभा राहिला होता. 'मी नव्हतोच.' आई गेल्यावर तिने त्याला वाढवलं होतं, त्याचं खोटं तिला ओळखता येत नव्हतं होय? वाईट वाटलं तिला, पण राग त्याहून जास्त आला. जबाबात तिने लिहून दिलं: आतून माझ्या भावाने उत्तर दिलं. बुधवारी दोन वाजता साहेब निकाल देणार होते. त्याचं लायसन्स जाणार, हे उघड होतं.

बुधवारी ती नवे रबरी बूट घालून आली. जुने आदल्या संध्याकाळीच चांभाराकडे टाकले होते. दुरुस्तीचं काम साहेबांनी तिच्यावरच सोपवलं. व्हॉल्व्ह तिने बसवायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा तपासनीस बघणार. सुट्टी झाली, हँगर रिकामं झालं. तिला घास उतरणार नव्हता. ती पेटीत शिरली.

आत रॉकेलसारखा वास होता. पत्रा गालाला थंडगार लागत होता. बोल्ट आवळले, तार ओवली, पिळायला घेतली. तारेचं टोक अंगठ्यात घुसलं. तिने हिरव्या फडक्याची पट्टी फाडून अंगठ्याला गुंडाळली आणि उरलेली तार पिळून टाकली. डोक्यात सगळा वेळ भाऊ होता. टकटक केली आणि वर नाही म्हणतो!

बाहेर पावलं वाजली.

चुर्र. चुर्र. चुर्र.

पेटीपाशी येऊन थांबली.

"बाण पुढे?"

"बाण पुढे," ती म्हणाली. वर्षानुवर्षांची सवय. हातानेही पाना उचलला. टक, टक.

मग तिला कळलं की विचारणारा आवाज तिचाच होता.

तिने बोट बाणावर नेलं. बोट मागे गेलं. पुन्हा चाचपलं. मागेच.

बाहेर कागदावर पेन खरखरलं.

"अगं थांब!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "सही करू नकोस! अगं, बाण मागे आहे!"

पत्र्याने शब्द गिळून टाकले.

चुर्र. चुर्र. पावलं लांब गेली. थबकलीसुद्धा नाहीत.

कोपरं सोलवटत ती बाहेर आली. हँगरमध्ये चिटपाखरू नव्हतं. कार्ड ठेवलं होतं तिथेच होतं, कोरं. ती पुन्हा आत गेली. तार कापून खिशात टाकली, व्हॉल्व्ह फिरवून बसवला, नवी तार बांधली, बाण दहादा चाचपला. सुट्टीनंतर दुसऱ्या तपासनीसाने आत डोकं घालून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून सही केली. तिनेच तसा हट्ट धरला.

दोन वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली. भाऊ खुर्चीत बसला होता, डोळे सुजलेले.

"साहेब, माझा जबाब चुकलाय," ती म्हणाली. "उत्तर याने दिलं नव्हतं."

भावाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की तिला रडूच फुटायचं राहिलं.

"मग कोणी दिलं?" साहेबांनी विचारलं.

तिने तार दाखवायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. दुसराही बघितला. तोही रिकामाच.

"कालची तार बघू या," ती कशीबशी म्हणाली. "ज्याने बांधली, त्याने उत्तर दिलं."

साहेबांनी सील नीट तपासलं, पाकीट फोडलं आणि टेबलावर उपडं केलं. तारेचा तुकडा घरंगळत तिच्यासमोर आला. उलट्या अंगाने पिळलेला. त्याच्या टोकात एक हिरवा धागा अडकला होता.

तिने अंगठा मुठीत लपवला.

भावाने धागा पाहिला नाही. तो पीळ बघत होता, खूप वेळ. मग त्याने आपली खुर्ची तिच्यापासून जराशी बाजूला सरकवली.

"बाई," तो म्हणाला, "काल तुम्ही आत होतात?"