कावळा न शिवलेली आत्या

"भुताचा बंगला? कंचा गो?"

मनोरीच्या धक्क्यावर जाळं दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाला मी वाट विचारली, तर तो चक्क हसला! टायपिंग क्लासच्या मैत्रिणींना किनाऱ्यावर सोडून, बाबांना चोरून मालाडहून आले होते मी... आणि याला हसू!

"दात काय काढतोस? माझ्या आत्याला नेलंय तिथल्या भुतानं. वनमाला नाव तिचं."

त्याचं हसू मावळलं. माझ्याकडे असा बघत राहिला, की माझे कान तापले. "बंगल्याला कुलूप हाय," तो हळूच म्हणाला. "पुढच्या रविवारी ये. चावी आणतो."

त्याचं नाव बळवंत. पुढच्या रविवारी चावी नव्हती, भाजलेले बोंबील होते. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता, दोघांत एक छत्री होती आणि त्याचा अर्धा शर्ट भिजला होता. हा थापा मारतोय हे मला कळत होतं – तरी मी जात होते.

मग एकदा त्याला घरची गोष्ट सांगितली. आत्या त्या बंगल्यात कामाला गेली, ती परत आलीच नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडले, शेवटी बाबांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तिचा आत्मा अजून तिथेच अडकलाय, म्हणून आमच्यातल्या कुणी खाडी ओलांडायची नाही.

बळवंतनं हातातलं जाळं बाजूला टाकलं. मग उठला. "चल."

बंगल्याच्या मागच्या पडवीत एक बाई मासे तळत होती. हातात हिरव्या बांगड्या, आणि नाक... थेट बाबांचं!

"माझी काकी," बळवंत म्हणाला. "काकाबरोबर तीच सांभाळते बंगला."

आत्या मला कवटाळून रडली. "कोळ्याशी लगीन केलं म्हणून दादानं माझ्या नावानं आंघोळ केली गो."

जिवंत बाईचे पिंड! कावळा शिवणार कसा? त्या दिवशी खरं वागलेला तो कावळा एकटाच.

धक्क्यावर येईपर्यंत सगळा राग बळवंतवर निघाला. "इतके रविवार थापा!"

"काकीनं शपथ घातलेली. आणि... आधीच सांगितलं असतं, तर तू परत आली असतीस?"

मी होडीत चढले. तो तसाच उभा.

"आता बोल की!"

"काय बोलू? तुझे बाबा तुझ्याही नावानं आंघोळ करतील."

बाबा, आई, ते घर... सगळंच सुटेल. पण राग त्याहून मोठा होता.

"करू देत! आत्यासाठी तर मी भांडणारच आहे. माझ्यासाठीपण भांडायचं का, ते आत्ताच ठरव!"

होडी सुटली. तो गुडघाभर पाण्यात उतरला. "सुलक्षणा... करशील माझ्याशी लगीन?"

"हो!" मी एवढ्या रागानं ओरडले, की होडीतल्या कोळणींनी त्यालाच चार शिव्या हासडल्या.