सत्तावीस दात्यांचं चक्र

"वैनी, एक चाक गेलं!" पडवीतून ड्रायव्हर हिरामण ओरडला.

ओसरीवर पाळण्याची दोरी ओढत बसलेल्या राहीच्या हातून दोरी सुटली. पाळणा डाव्या अंगाला झुकत हेलकावला. आत चौदा महिन्यांची मैना करवत ओढल्यासारखा श्वास घेत होती. काल संध्याकाळी वैद्यांनी तिच्या घशातला पांढरा पापुद्रा पाहिला होता. "घटसर्प आहे. सुई टोचायला हवी, आणि ती अलिबागलाच मिळेल. उद्या दुपारच्या पुढचं मी काही सांगत नाही."

काशीदहून अलिबागला जायचं तर आधी साळावचा धक्का गाठायला हवा, तिथून मचव्याने खाडी ओलांडायची. भरतीचा शेवटचा मचवा अकराला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत नुसता चिखल. बैलगाडीला साळावपर्यंत चार तास लागत, मोटारीला पाऊण.

आता आठ वाजून गेले होते.

मोटार अंगणातच होती. राहीचा नवरा दिनानाथ ती भाड्याने चालवायचा. तिच्या गिअरपेटीचे दाते मोडले, म्हणून त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून तशीच एक वापरलेली पेटी पाठवली होती. तो स्वतः अजून तिकडेच होता. हिरामणने काल दोन्ही पेट्या पडवीत उघडून ठेवल्या. दोन्हींतला धड माल निवडून एक पेटी जुळवायची. "सकाळी सातला तयार," तो म्हणाला होता. त्या शब्दावर राहीने पहाटे आलेली धर्माजीची बैलगाडी परत धाडली होती.

ती पडवीत धावली. वर्तमानपत्रांवर चक्रं, दांडे, बेअरिंगं मांडलेली होती.

"कुठलं गेलं?"

"खालच्या दांड्यावरचं मोठं. इंजिनाची फिरकी पयलं तेच घेतं. त्याच्याबिगर गाडी जागची हलायची न्हाय." हिरामणने बशीएवढं एक चक्र उचलून दाखवलं. त्याचे तीन दाते तुटलेले होते. "ह्ये आपलं जुनं. मुंबईचं नाहीसं झालं."

"मुंबईहून आलंच नसेल तर?"

"माज्या हातानं काढलं, वैनी! पोराबाळांची शप्पथ."

राही शपथेवर थांबली नाही. मोटारीचं इंग्रजी पुस्तक हिरामणला तीच वाचून दाखवायची. पेटीचा नकाशा तिला पाठ होता. ती गुडघ्यांवर बसली. प्रत्येक वस्तू दोनदा होती. एका कागदावर मात्र नुसताच तेलाचा गोल डाग होता, कडेने करकरीत दाते उमटलेला. तिने मोडकं चक्र त्या डागावर ठेवलं. दात्यावर दाता बसला. तुटलेल्या तीन जागी खाली तेलाची तीन टोकं दिसत राहिली. तिने डागाचे दाते मोजले, सत्तावीस.

"आलं होतं. त्याच मापाचं, आणि अखंड," ती पुटपुटली. "शेवटचं कधी पाहिलंस?"

"दिवेलागणीला. मंग मी घरी गेलो. सकाळी सहाला आलो, पण वरचा दांडा आधी बसवीत हुतो. ह्याची गरज आत्ता पडली."

कुंपणापाशी धर्माजी उभा होता. मोटार आल्यापासून त्याच्या गाडीला उतारू मिळत नव्हते.

"काय गो राहीबाय, लोखंडाचा बैल बसला वाटतं?"

"पहाटे तुम्ही अंगणात आला होतात, धर्माजीकाका. पडवीत गेलात?"

"मी? त्या तेलकट उकिरड्यात?" मग पाळण्यातला आवाज त्याच्या कानी पडला. त्याचा सूर उतरला. "पोरीच्या जिवाशी खेळंन असा वाटलो व्हय तुला? बैल जुपलेलेच हायत. चल."

"चार तास, काका. मचवा जाईल."

त्याने हातातला चाबूक कुंपणाला टेकवून ठेवला.

मैनाचा श्वास एकदा अडकला, मग सुटला. राहीने क्षणभर डोळे मिटले. रडायला वेळ नव्हता. गाडी बंद पाडायची असती, तर कुणीही हाताला येईल ते उचललं असतं. विकायचं असतं, तर पितळी कड्या गेल्या असत्या. त्या इथेच होत्या. कुणीतरी दोन सारख्या चक्रांतलं मोडकं बाजूला ठेवून अखंड तेवढं नेलं होतं. आणि हे काय? कागदाच्या कडेला राखेची चिमूट. चक्र तिथल्या तिथे राखेने पुसलं होतं, भांडं घासावं तसं.

तिने मान वर केली. पडवीच्या दारावर घोड्याचा नाल ठोकलेला. मैनाच्या मनगटावर काळ्या दोऱ्यात होडीचा खिळा. दोन्ही सासूने लावलेले.

राही सावकाश ओसरीवर आली. सासू, चंद्राबाई, पाळण्याला पाठ लावून बसली होती.

"आत्याबाई, मैनाचं अंथरूण बदलते."

"हलवू नको गो तिला!"

"काल पाळणा सरळ होता. आज डावीकडे झुकतोय. मैना उजवीकडे निजली आहे, तरीही."

चंद्राबाईने तोंड फिरवलं.

राहीने गोधडीखाली हात घातला. बोटांना गार दाते लागले.

"अरं देवा!" हिरामण ओरडला. "म्हातारे, तू?"

"त्यांना बोलू नकोस," राही म्हणाली. "घोड्याचा नाल, होडीचा खिळा. धावणारं लोखंड वाईटाला जवळ येऊ देत नाही, हे यांनीच मला शिकवलं. मोटार तर घोड्याहून जोरात धावते. पण भंगलेलं लोखंड बाळाच्या उशाला चालत नाही, म्हणून धड ते नेलं. आणि असं लोखंड मुकाट्याने घ्यावं लागतं. बोललं की गुण जातो. खरं ना, आत्याबाई?"

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. "दोन व्हती गो. मला वाटलं, येक तुमाला पुरंल. तुमी चाक चाक म्हून वरडताव, मला काय ठावं ह्येच त्ये? आन बोललं असतं, तर माजी पोर..."

राहीने चक्र हिरामणच्या हातात दिलं. "उंच कड बेअरिंगकडे. उलटं बसवलंस तर पुन्हा उघडावं लागेल."

तो धावला. धर्माजी कुंपण ओलांडून आला आणि न सांगता पेटीचं एक टोक उचलून धरलं. राही एकेक बोल्ट मोजून देत होती. कान मात्र पाळण्याकडे होते. दहाला वीस मिनिटं कमी असताना इंजिन घुरघुरलं. पहिला गिअर पडला. गाडी हलली.

चंद्राबाई दारातच उभी होती. "लोखंड काढलंस गो. आता पोरीला राखंल कोन?"

"तेच राखील. चला, बसा."

खिंडीच्या चढावर हिरामणने गिअर बदलला. राहीच्या मांडीवर मैना करवतीसारखा श्वास ओढत होती. प्रत्येक ओढ राही मोजत होती. वळण संपलं, आणि खाली खाडी दिसली. मचव्याचं शीड अजून धक्क्यालाच होतं.

चंद्राबाई पुढच्या बाकावरून खाली वाकली होती. गिअरपेटीवरच्या गरम फळीवर तिने तळवा घट्ट दाबून धरला होता, आणि उतार संपेपर्यंत तो उचलला नाही.