धुक्यातली कोरडी जागा

शाळेत मी किती टिकलो ते माझ्या भाचीला चांगलं माहीत आहे, तरी रोज येऊन डोकं खाते. "मामा, आईचं सांगा ना. बाबा काही बोलत नाहीत." बाप बोलत नाही म्हणून मामानं लिहून लिहून बोटं मोडून घ्यायची. घे बाई, लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत आणि नंतर रडत बसायचं नाही.

कापड गिरणीत माझं काम एकच, हवा ओली ठेवायची. लोक हसायचे. पण मागावरचा सुती धागा कोरड्या हवेत कडक होतो आणि फटाफट तुटतो. म्हणून शेडच्या छताला नळ्या होत्या आणि नळ्यांना बारीक तोंडाचे फवारे. त्यातून पाणी पडायचं नाही, धुकं उतरायचं. भिंतीवर उष्णता मोजायचे दोन पारे टांगलेले, एक उघडा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दोघांत अंतर किती पडलं ते बघून पाण्याची चावी सैल करायची की आवळायची ते मी ठरवायचो. बाहेर उन्हानं जमीन तडकलेली असायची आणि आत आमच्या भुवयांवर दव. ओलं सूत, खळ आणि गंजकं लोखंड यांचा तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

तुझी आई म्हणजे माझी धाकटी, आणि तुझा बाप, दोघं तिथंच विणकर. कोपऱ्यात शेजारी शेजारी माग. तू रांगत होतीस तेव्हा धाकटी तापानं गेली. तुझा बाप कामावर परतला आणि खोकायला लागला. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, ओल्या हवेतून बाहेर पडा, नाहीतर पोरगी पोरकी होईल. मी फोरमनच्या हातापाया पडून त्याची बदली गठ्ठे बांधायच्या खात्यात करून आणली. तिथली हवा खडखडीत. हा गेलाच नाही. उलट रोज माझ्यामागं लागायचा.

"दादा, कोपऱ्यात अजून थोडी सोडा ना."

"का हो पाहुणे, पोहायला शिकताय?"

"धागा तुटतोय."

कसला तुटतोय. पलीकडच्या मागावरचा म्हातारा विणकर म्हणाला, "तुझ्या पाहुण्याला एक बेडूक आणून दे, तेवढीच सोबत." सगळे हसले, मीही हसलो. मग तोच जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सोबत आहे त्याला. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघ."

गेलो. माग थांबले की शेडमध्ये अशी शांतता उतरते की कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. धुकं झोपेत कूस बदलावी तसं हलत होतं. चांगला खडसवायला निघालो होतो, पण कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर राग कुठं गळून पडला ठाऊक नाही. पाय जमिनीला लागत नव्हते म्हण.

तुझा बाप मागाला टेकून बसला होता. समोर तुझ्या आईच्या मागापुढं धुकं दोन बाजूंनी वळसा घालून जात होतं, नदीत खांब रोवलेला असावा तसं. मधली जागा कोरडी. बाईएवढी उंच, बाईएवढी रुंद, डावा खांदा थोडा उतरलेला. धाकटी लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती, तेव्हापासून तिचा खांदा तसाच.

भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं, आली. मीही तिथं बसणार होतो.

"बघितलंत?" तो कुजबुजला. "बोलत नाही... नुसती ऐकते."

"तुम्ही काय सांगता तिला?"

"पोरीचं... दात आले ते... धरून उभी राहते ते..."

बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. ती विरत नव्हती. सुतासारखी सरळ त्या कोरड्या जागेकडं ओढली जात होती आणि आत गेली की दिसेनाशी होत होती. दर शब्दानंतर पुढचा श्वास घ्यायला त्याला जास्त वेळ लागत होता. ओठ निळे पडलेले, आणि चेहरा झोपलेल्या मुलासारखा सुखी. तो पुढं झुकला. ती जागाही झुकली.

"उठा," मी म्हणालो.

"थोडं... अजून पोरीनं पाऊल टाकल्याचं सांगायचंय..."

मी धावत जाऊन मोठी चावी आवळली, तळहाताची सालं निघेपर्यंत. फवारे सुस्कारा टाकून बंद पडले. धुकं बसलं. बंद मागांवरचे ताणलेले धागे तटातट तुटायला लागले, दारापासून थेट त्या कोपऱ्यापर्यंत. तुझ्या बापानं बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा मला अरेतुरे केलं.

"ताप नुसता निमित्त. तिला घालवलीस तू."

तुला उचलून तो गाव सोडून गेला. खोकला गेला, तुला वाढवलं, शिकवलं, तुझं लग्न लावलं. लग्नानंतर तू इथं राहायला आलीस, पण त्याचं माझ्या दारात पाऊल नाही.

आता नीट वाच. मी कुणालाही घालवलेलं नाही. धुकं बसताना मी त्या कोपऱ्याकडंच बघत होतो. ती गेली असं मला दिसलं नाही. ती कुठं संपते आणि रिकामी हवा कुठं सुरू होते, तेवढंच कळेनासं झालं.

मागच्या उन्हाळ्यात, सगळं भाजून निघत असताना, माझ्या खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली. कुणी तोंड जवळ नेऊन उच्छ्वास सोडावा तेवढीच. पुसली की परत. मग खिडकी स्वच्छ झाली आणि कपाटाचा आरसा धुरकटायला लागला. आरसा खाटेच्या जवळ आहे. आत्ता लिहिताना चष्म्याची डावी काच धुरकटलीय, डोळ्याच्या बाजूनं. मी श्वास रोखून बघितला. तरी धुरकटतेच आहे. हल्ली जिना चढताना मला दम पुरत नाही, पण ते वयानं.

हे तुला तोंडानं का सांगितलं नाही, ते कळलं असेल. मी या खोलीत बोलतच नाही. तिला तुझंच ऐकायचं असणार, आणि ते सांगत बसायला तुझ्या बापाला कितीही श्वास कमीच पडेल. म्हणून त्याला इथं पाठवू नकोस. मला बोलला ते परत घेतो एवढं लिहून दिलं तरी पुरे. माझ्याकडून काही राहिलेलं नाही. माफी मागायची राहिलीय ती माझ्या मेहुण्याकडून.